चंद्रापर्यंतची चढाओढ : अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि अंतराळयुगाची पहिली अठरा वर्षे

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातली अंतराळस्पर्धा मुळात क्षेपणास्त्रांची स्पर्धा होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत नेणारे आर-७ रॉकेट अमेरिकेपर्यंत हायड्रोजन बाँब पोचवण्यासाठी बांधलेले होते. अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ज्या रेडस्टोन आणि ॲटलास रॉकेटांवरून गेले तीही लष्कराचीच शस्त्रे. विज्ञानाची ओढ, देशाची शान, माणसाचे जुने स्वप्न हे सगळे खरे होते, त्यासाठी आयुष्य वेचणारी माणसेही खरी होती. पण सुरुवातीचा पैसा, कारखाने आणि प्रक्षेपणतळ आले ते संरक्षण खात्यांकडून. रशियाने आधी मुसंडी का मारली आणि चंद्राच्या शर्यतीत तो मागे का पडला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या पायापासूनच शोधावी लागतात.

दोन्ही देशांच्या रॉकेटविद्येचा उगम जर्मनीत होता. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे येथे वेर्नर फॉन ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेले व्ही-२ रॉकेट ऑक्टोबर १९४२ मध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे उडाले. त्याचे पुढचे उत्पादन डोंगराखालच्या बोगद्यांमध्ये छळछावणीतल्या कैद्यांकडून करवून घेतले गेले. व्ही-२ च्या माऱ्यात जेवढे लोक मेले त्याहून अधिक ते बनवताना मेले. अंतराळयुगाच्या इतिहासात हा भाग दोन ओळींत उरकला जातो, तसा तो उरकू नये. युद्ध संपताच फॉन ब्राउनसह शंभराहून अधिक तज्ज्ञ अमेरिकेने आपल्याकडे नेले आणि त्यांच्या पूर्वायुष्याकडे काणाडोळा केला. रशियाच्या वाट्याला कारखान्यांचा प्रदेश आला. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये रशियनांनी शेकडो जर्मन तंत्रज्ञ कुटुंबांसह उचलून नेले, त्यांच्याकडून शिकण्यासारखे ते शिकून घेतले आणि पन्नाशीच्या दशकात त्यांना परत धाडले. आर-७ हे रशियन अभियंत्यांचे स्वतःचे काम होते.

त्या कामाचा सूत्रधार सर्गेई कोरोलेव. स्टालिनच्या काळात, १९३८ मध्ये, त्याला खोट्या आरोपांखाली अटक झाली. कोलिमाच्या सोन्याच्या खाणींत त्याने सक्तमजुरी भोगली आणि नंतर कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात काम केले. सुटकेनंतर दहा-बारा वर्षांत तो रशियाच्या रॉकेटविद्येचा कर्ताधर्ता झाला. तरी जगाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रांत उल्लेख यायचा तो फक्त ‘मुख्य अभिकल्पक’ असा. १४ जानेवारी १९६६ रोजी तो वारला तेव्हा मृत्युलेखातून त्याचे नाव आणि छायाचित्र पहिल्यांदा प्रसिद्ध झाले.

आर-७ एवढे अजस्र का झाले, याचे कारण रशियाच्या दुबळेपणात होते. रशियाचे सुरुवातीचे हायड्रोजन बाँब फार जड होते, आणि अमेरिकेच्या भूमीवर मारा करण्यासाठी रशियाजवळ ना पुरेशी लांब पल्ल्याची विमाने होती, ना अमेरिकेभोवती तळ. त्यामुळे अनेक टनांचा बाँब हजारो किलोमीटर फेकणारे सुमारे २८० टनांचे रॉकेट बांधावे लागले. अमेरिकेजवळ बाँबफेकी विमानांचा ताफा होता, युरोप आणि तुर्कस्तानात तळ होते, म्हणून तिला क्षेपणास्त्रांची घाई नव्हती. ॲटलासचे आराखडे पक्के होईपर्यंत तिचे बाँब हलके झाले होते, त्यामुळे ॲटलासचे वजन आर-७ च्या निम्म्याहून कमी ठेवता आले. अण्वस्त्रांत पुढे असल्यामुळेच अमेरिका रॉकेटांच्या ताकदीत मागे राहिली. शस्त्र म्हणून आर-७ फारसे कामाचे ठरले नाही. त्यात द्रवरूप प्राणवायू भरायला तास न् तास लागत आणि त्याचे तळ अवाढव्य व सहज दिसणारे होते. वाहक म्हणून मात्र ते अजोड निघाले. आजची सोयूझ रॉकेटे त्याचीच वंशज आहेत.

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून ठरले होते. त्या निमित्ताने उपग्रह सोडण्याचा इरादा अमेरिकेने १९५५ मध्येच जाहीर केला होता. त्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने लष्कराचे तयार रॉकेट बाजूला ठेवून नौदलाच्या प्रयोगशाळेचा व्हॅनगार्ड प्रकल्प निवडला. त्यामागे एक कायदेशीर पेच होता. दुसऱ्या देशाच्या आकाशातून त्याच्या परवानगीशिवाय विमान नेता येत नाही. मग उपग्रहाचे काय? टेहळणी उपग्रहांची योजना अमेरिकेच्या मनात होतीच. त्याआधी निखळ वैज्ञानिक दिसणारा एखादा उपग्रह जगभर फिरला आणि कोणी हरकत घेतली नाही, तर तो दाखला पुढे उपयोगी पडणार होता. हा दाखला शेवटी रशियानेच घालून दिला. त्याचा पहिला उपग्रह स्पुटनिक अमेरिकेसह असंख्य देशांवरून फिरला आणि कोणत्याही सरकारने तक्रार केली नाही.

स्पुटनिक हा ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा चकचकीत गोळा होता. त्याच्या आत रेडिओ प्रक्षेपक आणि बॅटऱ्या यांखेरीज फारसे काही नव्हते. कोरोलेवच्या डोक्यात आधी उपकरणांनी भरलेला एक जड उपग्रह होता; तो वेळेत होत नाही असे दिसताच त्याने हा साधा गोळा पुढे काढला. रशियन नेतृत्वालाही त्याचे मोल लगेच उमगले नाही. पहिल्या दिवशी ‘प्रावदा’ने बेताचीच बातमी छापली, आणि पाश्चात्त्य जगातली खळबळ पाहून दुसऱ्या दिवशी मोठे मथळे दिले. पुढच्याच महिन्यात, ३ नोव्हेंबरला, पाचशे किलोंहून जड दुसऱ्या स्पुटनिकमधून लायका नावाची कुत्री कक्षेत गेली. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने मेली, ही गोष्ट बाहेर यायला २००२ साल उजाडले. ६ डिसेंबरला व्हॅनगार्ड रॉकेट जमिनीपासून जेमतेम वर उचलून कोसळले आणि पेटले, तेही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर. अखेर फॉन ब्राउनच्या लष्करी गटाने ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री एक्सप्लोरर-१ कक्षेत नेला. त्यावरच्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणाने पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा शोध लावला. आकाराने चिमुकला असूनही विज्ञानाच्या दृष्टीने तो पहिल्या दोन्ही स्पुटनिकांहून मोलाचा ठरला.

स्पुटनिकच्या धक्क्यातून अमेरिकेत दोन टिकाऊ गोष्टी उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९५८ पासून नासा ही नागरी संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित व परकीय भाषांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा खुला झाला.

याच सुमारास जाहीर स्पर्धेच्या आड दुसरी एक स्पर्धा चालू होती, आणि ती अधिक निर्णायक होती. रशियात क्षेपणास्त्रे धडाधड तयार होत आहेत, अशी फुशारकी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह मारत. अमेरिकेत विरोधी पक्ष आणि हवाई दल ‘क्षेपणास्त्रांची दरी’ म्हणून ओरड करीत होते. यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानांच्या गुप्त छायाचित्रांवरून हा बागुलबुवा असल्याची शंका आयझेनहॉवर यांना होती, पण १ मे १९६० रोजी रशियाने एक यू-२ पाडले आणि ती उड्डाणे बंद पडली. जागा भरून काढली ती कोरोना या टेहळणी उपग्रहाने. जगाला त्याचे नाव ‘डिस्कव्हरर’ आणि काम वैज्ञानिक असे सांगितले होते. ओळीने बारा प्रयत्न फसले. ऑगस्ट १९६० मध्ये पहिल्यांदा छायाचित्रांची फिल्म असलेली कुपी कक्षेतून सुटून पॅराशूटने खाली आली आणि पॅसिफिक महासागरावर एका विमानाने ती हवेतच आकड्यात पकडली. त्या एका फेरीत रशियाच्या भूभागाची जितकी छायाचित्रे मिळाली तितकी यू-२ च्या सगळ्या उड्डाणांत मिळून मिळाली नव्हती. सप्टेंबर १९६१ च्या गुप्तचर अंदाजात रशियाजवळची आंतरखंडीय क्षेपणास्त्रे अवघी १० ते २५ असल्याचे नमूद झाले. दरी होती ती अमेरिकेच्या बाजूने.

रशियानेही तीच वाट धरली. कोरोलेवला माणूस अंतराळात पाठवायचा होता, लष्कराला टेहळणी उपग्रह हवा होता. त्याने एकाच गोलाकार कुपीतून दोन्ही साधले. माणूस बसवला की व्होस्तोक, कॅमेरे बसवले की झेनित. १९६२ पासून झेनितकडून छायाचित्रे येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी रशियाने संयुक्त राष्ट्रांत टेहळणी उपग्रहांवरचा आक्षेप सोडून दिला. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन याचे यान ज्या पैशातून झाले त्यातला मोठा वाटा या जुळ्या भावासाठी मंजूर झालेला होता.

१९५९ हे वर्ष चंद्राच्या दिशेने रशियाचेच राहिले. सप्टेंबरमध्ये लुना-२ चंद्रावर आदळले. दुसऱ्या जगाला स्पर्श करणारी ती पहिली मानवनिर्मित वस्तू. ऑक्टोबरमध्ये लुना-३ ने चंद्राची कधीच न दिसणारी बाजू टिपली. पुढच्या वर्षी बैकानूरच्या प्रक्षेपणतळावर मोठा अपघात घडला. २४ ऑक्टोबर १९६० रोजी आर-१६ हे नवे क्षेपणास्त्र तळावरच पेटले आणि क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिन यांच्यासह कित्येक माणसे जळून मेली. नेदेलिन विमान अपघातात गेले असे जाहीर करण्यात आले. खरी हकिगत रशियन जनतेला १९८९ मध्ये कळली.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने १०८ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण केली. व्होस्तोकचे वजन सुमारे ४.७ टन होते, तर अमेरिकेचे मर्क्युरी यान जेमतेम दीड टनाचे. आर-७ च्या ताकदीचा हा फरक. परतताना यानाचा मागचा भाग ठरल्याप्रमाणे सुटला नाही आणि काही मिनिटे ते गरगरत राहिले. शिवाय गागारिन यानासह उतरला नव्हता. सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो आसनासह बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने आला. उड्डाणाच्या विक्रमाला मान्यता मिळावी म्हणून ही बाब दडवून ठेवली गेली. ५ मे रोजी ॲलन शेपर्ड पंधरा मिनिटांची झेप घेऊन परतला, पण ती कक्षेतली फेरी नव्हती. तशी फेरी जॉन ग्लेनने फेब्रुवारी १९६२ मध्ये पुरी केली.

गागारिनच्या उड्डाणानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेच्या पाठबळावर क्यूबात ‘बे ऑफ पिग्ज’ची चढाई सुरू झाली आणि ती लगेच फसली. अध्यक्ष केनेडी यांनी २० एप्रिलला उपाध्यक्ष जॉन्सन यांना लेखी विचारणा केली, की रशियाला हरवता येईल असे अंतराळातले कोणते काम आहे. जॉन्सन यांनी विचारल्यावर फॉन ब्राउनने दिलेले उत्तर सरळ हिशेबाचे होते. छोट्या-मोठ्या पहिलेपणात रशिया पुढेच राहील; पण चंद्रावर माणूस उतरवायला आहे त्याहून कितीतरी पट मोठे रॉकेट लागेल आणि ते दोघांजवळही नाही. म्हणजे तिथे दोघेही एकाच रेषेवरून धावू लागतील. २५ मे १९६१ रोजी केनेडींनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे ध्येय काँग्रेसपुढे मांडले. अमेरिकेच्या गाठीशी तेव्हा मानवी अंतराळउड्डाणाचा पंधरा मिनिटांचा अनुभव होता. केनेडींना अंतराळाचे वेड होते असे मानणे बरोबर नाही. नोव्हेंबर १९६२ मधल्या एका बैठकीच्या ध्वनिमुद्रणात ते नासाच्या प्रमुखांना आपल्याला अंतराळात तेवढा रस नाही, रशियाला हरवायचे आहे, असे स्पष्ट सांगताना ऐकू येतात. सप्टेंबर १९६३ मध्ये तर त्यांनी संयुक्त राष्ट्रांत दोघांनी मिळून चंद्रावर जाण्याचा प्रस्ताव ठेवला. दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली आणि तो विषय मागे पडला.

पुढच्या आठ वर्षांचा निकाल कारभाराच्या रीतीने लावला. अमेरिकेने एकच ध्येय, एकच संस्था आणि एकच रॉकेट ठरवले. जेम्स वेब यांच्या हाती नासाची सूत्रे होती. मुख्य यान चंद्राच्या कक्षेत ठेवून छोट्या यानाने खाली उतरायचे, ही जॉन हूबोल्ट यांनी चिकाटीने लावून धरलेली पद्धत १९६२ मध्ये स्वीकारली गेली. त्यामुळे रॉकेटाचा बोजा खूप कमी झाला. १९६६ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पाचे चार टक्क्यांहून अधिक पैसे नासाकडे जात होते आणि सुमारे चार लाख माणसे या कामात गुंतली होती. जेमिनी यानांच्या दहा समानव उड्डाणांत, मार्च १९६५ ते नोव्हेंबर १९६६ या काळात, अमेरिकेने कक्षेत यानांची गाठ घालणे, ती जोडणे, दोन आठवडे राहणे हे सगळे आत्मसात केले. ही उड्डाणे चमकदार नव्हती, पण चंद्राची वाट त्यांनीच बांधली.

रशियात नियोजनबद्ध समाजवाद असूनही रॉकेटविद्येत संस्थानिकांचे राज्य होते. कोरोलेव, इंजिनांचा तज्ज्ञ ग्लुश्को आणि क्षेपणास्त्रे बनवणारा चेलोमेई यांची डिझाइन ब्युरो वेगवेगळी होती आणि मंत्री व सेनापतींमधले त्यांचे पाठीराखेही वेगळे होते. ग्लुश्कोला साठवता येणारी पण विषारी इंधने वापरायची होती, कोरोलेवला केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू. वाद विकोपाला गेला आणि ग्लुश्कोने चांद्ररॉकेटासाठी इंजिने देण्याचे नाकारले. ते काम विमानांची इंजिने बनवणाऱ्या कुझनेत्सोवकडे गेले. चंद्रावर माणूस उतरवण्याचा निर्णय रशियाने ऑगस्ट १९६४ मध्ये, अमेरिकेनंतर तीन वर्षांनी घेतला. त्यातही चंद्राभोवती फेरी आणि चंद्रावर उतरणे हे दोन स्वतंत्र प्रकल्प, दोन वेगळ्या रॉकेटांवर.

दरम्यान ख्रुश्चेव्हना ‘पहिले’ काहीतरी हवेच असे. जून १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेलेली पहिली स्त्री ठरली. तिने जवळजवळ तीन दिवस कक्षेत काढले. ही कामगिरी खरीच होती. पण यानंतर दुसरी रशियन स्त्री अंतराळात जायला १९८२ साल आणि पहिली अमेरिकन स्त्री जायला १९८३ साल उजाडले, यावरून दोन्ही देशांची स्त्रियांबद्दलची आस्था किती होती ते कळते. ऑक्टोबर १९६४ मध्ये व्होस्खोद यानात तिघांना बसवण्यासाठी त्यांचे अंतराळपोशाखच काढून टाकले गेले. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस झाला, तेव्हा पोशाख फुगल्यामुळे त्याला आत शिरता येईना; आतली हवा कमी करून तो कसाबसा परतला. त्यानंतर दोन वर्षे एकही रशियन अंतराळात गेला नाही. जेमिनीची उड्डाणे याच दोन वर्षांतली.

१९६७ ने दोघांकडूनही घाईची किंमत वसूल केली. २७ जानेवारीला जमिनीवरच्या चाचणीत अमेरिकेच्या अपोलो या चांद्रयानाला आतून आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. २४ एप्रिलला सोयूझ-१ चे पॅराशूट न उघडल्याने व्लादिमिर कोमारोव ठार झाला. नासाने यान जवळजवळ नव्याने बांधले. सप्टेंबर १९६८ मध्ये रशियाचे झोंद-५ कासवांसह चंद्राला वळसा घालून परतले. पुढचे यान माणसे घेऊन जाईल या धास्तीनेही अमेरिकेने डिसेंबरात अपोलो-८ थेट चंद्राच्या कक्षेत धाडले.

रशियाच्या एन-१ या चांद्ररॉकेटाच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिने होती. तो सगळा टप्पा एकत्र पेटवून पाहण्यासाठी जमिनीवर चाचणीमंच बांधायला पैसाही दिला गेला नाही आणि वेळही नव्हता. अमेरिकेच्या सॅटर्न-५ चा प्रत्येक पहिला टप्पा उड्डाणापूर्वी असा तपासला जाई. एन-१ चारदा उडाले, चारही वेळा पहिल्याच टप्प्यात कोसळले. ३ जुलै १९६९ च्या स्फोटाने तर प्रक्षेपणतळच उद्ध्वस्त केला. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २० जुलैला, नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. ते तिथे असतानाच मातीचा नमुना आणायला निघालेले रशियाचे मानवरहित लुना-१५ चंद्रावर आदळून फुटले. डिसेंबर १९७२ पर्यंत बारा अमेरिकन चंद्रावर चालले आणि सुमारे ३८२ किलो दगडमाती घेऊन आले. एकूण खर्च सुमारे अडीच हजार कोटी डॉलर झाला. शर्यत जिंकताच राजकीय उत्साह ओसरला आणि शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. रशियाने अंतराळस्थानकांकडे मोर्चा वळवला. एप्रिल १९७१ मधले साल्युत-१ हे पहिले स्थानक.

अलिप्त देशांची मने जिंकणे हाही या चढाओढीचा एक उद्देश होता. गागारिन १९६१ च्या अखेरीस भारतात येऊन गेला, अपोलो-११ चे तिघे ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले. विक्रम साराभाईंनी या ओढाताणीचा भारतासाठी शहाणपणाने उपयोग करून घेतला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून उडालेले पहिले रॉकेट अमेरिकेचे होते, पहिला भारतीय उपग्रह आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ रोजी रशियन रॉकेटाने कक्षेत गेला. पुणे जिल्ह्यातल्या आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेले विक्रम भूकेंद्र भारताला इंटेलसॅटच्या उपग्रहांशी जोडत होते. ती जागतिक व्यवस्था अमेरिकेच्या पुढाकारातून १९६४ मध्ये उभी राहिली होती.

स्पर्धा वाढत असतानाच तिला बांधही घातले गेले. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला. त्यातून उरलेल्या किरणोत्साराने अनेक उपग्रह निकामी झाले. पुढच्या वर्षीच्या करारात अंतराळातल्या अणुचाचण्यांवर बंदी आली. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास आणि चंद्रावर कोणत्याही देशाने मालकी सांगण्यास मनाई केली. मे १९७२ मध्ये मॉस्कोत एकाच आठवड्यात दोन गोष्टींवर सह्या झाल्या. एक, दोन्ही देशांची याने कक्षेत जोडण्याचा करार. दुसरी, क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारे करार, ज्यांत एकमेकांच्या पडताळणीच्या साधनांत अडथळा आणायचा नाही असे कलम होते. ही साधने म्हणजे मुख्यतः कोरोना आणि झेनितचे वारसदार. त्यांच्याखेरीज कोणीच कोणावर विश्वास ठेवला नसता. चंद्रावरची पावले जगाने पाहिली, पण अणुयुद्धाचा धोका कमी करण्यात या गुप्त उपग्रहांचा वाटा अधिक मोठा आहे.

१७ जुलै १९७५ रोजी अपोलो आणि सोयूझ जोडली गेली आणि टॉमस स्टॅफर्ड व लिओनोव यांनी हस्तांदोलन केले. लिओनोवची तयारी एकेकाळी चंद्रावर उतरण्यासाठी चालली होती. पण एन-१ चे काम आदल्याच वर्षी थांबवले गेले होते. आपण चंद्राच्या शर्यतीत होतो, हे सोव्हिएत सरकारने १९८९ पर्यंत मान्य केले नाही.